बोलावणं आलंय, पण अंगावर कपडा कुठाय?

"ताई, आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, आजोबांपासून कॅथलिक. नोकरीमुळे इंदूरला आलो आणि इथलेच झालो. पिथमपूरच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. दर रविवारी बायकोला आणि मुलीला चर्चच्या फाटकाशी सोडतो आणि समोरच्या गाडीवर पोहे खात मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपायची वाट बघतो. फादरांपुढे पापांची कबुली देतात ते शेवटचं पापनिवेदन लग्नाच्या आदल्या आठवड्यात केलं, त्याला बारा वर्षं झाली. सुरुवातीला शिफ्टचं निमित्त होतं, मग सवयच मोडली. त्यात दिवाळीची भानगड सुरू झाली. पुरवठादार काजू-बदामाचा डबा आणून देतात, डब्यातल्या सोनेरी कागदाखाली लिफाफा असतो. पहिल्या वर्षी मी परत केला. साहेब म्हणाले, 'तू काय वेगळा आहेस का?' दुसऱ्या वर्षापासून घेतो. घराच्या हप्त्यांत त्यातले पैसे गेलेत.

मुलीच्या प्रथम कम्युनियनची, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची, तयारी चालू आहे, म्हणून परवाच्या रविवारी पालकांना आत बसणं भाग होतं. नेमका येशूनं सांगितलेला, राजाच्या घरच्या लग्नाच्या मेजवानीचा दाखला (दृष्टांत) वाचला. पोशाख नसलेल्या माणसाला हातपाय बांधून बाहेर अंधारात टाकतात, तिथे माझी मान खाली गेली ती वर होईना. बायको म्हणते, सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहा, कोण विचारतंय? आई म्हणते, आधी सुधार, मग देवाच्या दारात जा. मुलगी विचारते, बाबा, तुम्ही का नाही येत? मी काय करू? देवाचं बोलावणं आलंय हे कळतंय, पण त्या लायकीचं जगणं माझ्याकडे नाही. आणि दिवाळी तोंडावर आली आहे.
पोशाख नसलेला, सुखलिया, इंदूर"

प्रिय भाऊ,

आधी ती सही बदला. दाखल्यातला तो माणूस आणि तुम्ही यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयानं एका ओळीत सांगून टाकलाय. राजा त्याला हटकतो तेव्हा 'मित्रा' म्हणतो. मित्रा, लग्नाचा पोशाख न घालता तू आत कसा आलास? नोकरांना हाक मारण्याआधी राजानं प्रश्न विचारला होता, म्हणजे उत्तराला जागा ठेवली होती. "महाराज, चुकलं, घाईत आलो, एखादं उपरणं तरी द्या," एवढं म्हणायला काय जात होतं? तो निरुत्तर झाला. एक शब्द नाही. तुम्ही तर चार पानं लिहून पाठवलीत, आणि डब्यातल्या कागदाचा रंगसुद्धा लपवला नाहीत. ज्याला बोलता येतं त्याला त्या माणसाच्या जागी बसवायला माझं मन धजत नाही.

तुम्ही ऐकलंत ते मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायातलं वाचन. उपासनेच्या तीन वर्षांच्या फेऱ्यात 'अ' वर्षी सामान्यकाळाच्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या दिवसांच्या) 28व्या रविवारी ते येतं. ते दहाव्या वचनाशी थांबवायचीही मुभा आहे, आणि काही ठिकाणी थांबवतात. मग पोशाखाचा प्रसंग लोकांच्या कानावर पडतच नाही. तुमच्या फादरांनी पुरतं वाचलं हे बरं झालं. पण तुम्ही शेवटच्या चार ओळींत असे अडकलात की आधीचं सगळं सुटलं.

आधी काय होतं? पहिल्या निमंत्रितांपैकी एक शेतावर निघून जातो, दुसरा व्यापाराला. लूकनं हीच गोष्ट आणखी रंगवून सांगितली आहे: एकानं शेत घेतलंय ते बघायला जायचंय, एकाला बैलांच्या पाच जोड्या पारखायच्या आहेत, एकाचं नुकतंच लग्न झालंय. यात पाप कुठलंच नाही बघा. शेत, बैल, बायको, सगळं सरळमार्गी. निमंत्रण नाकारायला फार मोठा गुन्हा लागत नाही, चालू कामं पुरतात. तुमच्या शिफ्टला मी याच लोकांच्या शेजारी बसवते. रविवारी खरोखर कामावर असाल तर दोष लागत नाही. आणि शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणूनच धरली जाते, चर्चच्या कायद्यात 1248व्या कलमात तसं स्पष्ट आहे. पण सुट्टीच्या रविवारी फाटकासमोर उभं राहून शेव आणि जिरावण मसाला भुरभुरवलेले पोहे खाणं ही काही ड्यूटी नव्हे. आत मेजवानी मांडलेली आणि घरधनी बाहेर गाडीवर, हे चित्र तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंत, म्हणून बोलते. पोहे खा की! इंदुरात राहून पोहे सोडा असं कोण म्हणेल? कम्युनियनच्या आधी तासभर पोट रिकामं असलं की झालं, एवढाच नियम आहे. मिस्सा झाल्यावर तिघं मिळून खा.

मग राजाचे नोकर रस्त्यांवर जातात आणि भेटतील त्यांना गोळा करून आणतात, 'बऱ्यावाईट सर्वांना'. (मधे राजा एक शहर जाळतो, तो विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.) वाईट माणसं मागच्या दारानं घुसलेली नाहीत, त्यांना बोलावून आणलंय. आता तुमच्या आईंच्या म्हणण्याकडे येते.

आईंचं वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आधी सुधार, मग जा. कानाला किती रास्त वाटतं! पण येशूनं जक्कयाला असं सांगितलं नाही. जक्कय म्हणजे यरीहोचा जकातदारांचा मुख्य, तुमच्या भाषेत सांगायचं तर वरपासून खालपर्यंत सगळ्या लिफाफ्यांचा साहेब. तो झाडावर चढून बसलेला, आणि येशू खालून म्हणतो, "लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे." हिशोब चुकता कर, मग जेवायला येतो, अशी अट घातली नाही. आधी बोलावणं आलं, मग जक्कय आनंदानं उतरला, आणि मग त्याच्या तोंडून हिशोब बाहेर पडला. आईंनी हा क्रम उलटा केलाय. सुधारणा ही पाहुणचाराची फी आहे असं एकदा मनात बसलं की माणूस बारा वर्षं फाटकाबाहेर राहतो, कारण पुरेसे सुधारलो असं कुणाला कधी वाटतच नाही.

ही चूक आईंची एकट्यांची नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये भलेभले धर्मपंडित याच विचारानं झपाटले होते. 1643 साली त्यांच्यातल्या एकानं मोठा ग्रंथ लिहून कम्युनियनपासून दूर राहण्यातच भक्ती आहे असा सूर लावला, आणि त्याचा परिणाम पुढची अडीचशे वर्षं टिकला. धार्मिक घरातली माणसंसुद्धा वर्षाकाठी एकदोनदाच वेदीपाशी जायची. शेवटी 1905 साली पोप दहावे पायस यांच्या आज्ञापत्रानं वाद संपवला: मनावर गंभीर पापाचं ओझं नसेल आणि हेतू सरळ असेल, तर रोजसुद्धा कम्युनियन घ्या. 1910 साली त्यांनी मुलांसाठीही दार उघडलं; बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबवू नका, सातव्या वर्षाच्या सुमारास समज आली की द्या. तुमची लेक आज एवढ्या लहान वयात तयारी करते आहे ती त्या निर्णयामुळे. पोप फ्रान्सिस यांनीही 2013 साली लिहिलं की हे भोजन निर्दोष माणसांचं बक्षीस नाही, अशक्त माणसांचं औषध आणि अन्न आहे.

आणि जरा कान देऊन ऐका, मिस्सेत अगदी कम्युनियनच्या तोंडावर काय म्हणतात ते. कोकराच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, मेजवानीला ज्यांना बोलावलंय ते धन्य, असं फादर म्हणतात. हे बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं आहे. त्यावर सगळा समुदाय उत्तर देतो की प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही. हे एका रोमी शताधिपतीचे, शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्याचे, शब्द. बिशपही तेच म्हणतात, जपमाळ कधी हातातून न सुटणाऱ्या आजीबाईही तेच म्हणतात, आणि लगेच रांगेत उभ्या राहतात. लायकी नसल्याची कबुली देऊनच सगळे पुढे सरकतात.

मग तुमच्या सौभाग्यवतींचं बरोबर का? रांगेत उभं राहायचं, कोण विचारतंय? नाही, तेही नाही. विचारतो तो राजा विचारतो, आणि दाखल्यातला माणूस नेमका याच भरवशावर आत बसला होता. प्रेषित पौलानं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला सांगितलंय की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग ही भाकर खावी. चर्चचं 916वं कलमही तेच बजावतं: गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी पापनिवेदन. तुमच्या बायकोचा हेतू वाईट नाही, तिला घर एका रांगेत बघायचंय. पण चुपचाप रांगेत घुसणं म्हणजे पुन्हा तेच निरुत्तर बसणं झालं. शिवाय, भाऊ, लिफाफासुद्धा 'कोण विचारतंय' याच वाक्यावर चालतो ना?

आपल्याकडे लग्नपत्रिकेवर खाली छापलेलं असतं, कृपया आहेर आणू नये. देवाच्या पत्रिकेवर तसंच आहे; काही आणायचं नाही, रिकाम्या हातानं या. पण आहेर नको म्हटलं म्हणून कुणी मळक्या बनियनवर मांडवात जात नाही. तसं गेलं तर यजमानाला वाटणार, याला लग्नाचं काहीच नाही, जेवायला आलाय.

हा पोशाख म्हणजे काय यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. राजाच दारात पाहुण्यांना वस्त्रं वाटत असे, असं काही जण सांगतात. त्याला पुरावा तुटपुंजा आहे, मी त्यावर भिस्त ठेवत नाही. मला पटतो तो संत ऑगस्टीनचा विचार. त्यानं प्रवचनात जवळजवळ वकिलासारखी उलटतपासणी केली आहे. पोशाख म्हणजे बाप्तिस्मा का? तो तर बऱ्यावाईट सगळ्यांनाच मिळालाय. वेदीवरची भाकर का? ती वाईट लोकही खातात. उपास? तेही करतात. चर्चला येणं? येतात की. असं एकेक बाजूला सारत तो शेवटी प्रीतीपाशी येऊन थांबतो, शुद्ध अंतःकरणातून आणि चांगल्या विवेकातून निघालेली प्रीती. पुढे संत ग्रेगरीनंही हेच सांगितलं.

आणि तुमच्याकडे पोशाख मुळातच नाही असं नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी तुमच्या अंगावर पांढरं वस्त्र घातलं होतं; तू ख्रिस्ताला परिधान केलं आहेस, हे वस्त्र निष्कलंक ठेवून सार्वकालिक जीवनात ने, अशा अर्थाचे शब्द तेव्हा म्हटले जातात. त्या संस्काराचा ठसा पुसला जात नाही, म्हणून बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही. डाग पडलेत, ते धुवायचे आहेत. संत अँब्रोसनं म्हटलंय की चर्चमध्ये पाणी आहे आणि अश्रू आहेत: बाप्तिस्म्याचं पाणी आणि पश्चात्तापाचे अश्रू.

म्हणून माझं उत्तर असं. सुधारल्यावर नाही, सुधारायच्या आधी, याच आठवड्यात पापनिवेदनाला जा. मग रांगेत उभे राहा. मग पैशाचं काम हाती घ्या. हा क्रम सोडू नका.

पापनिवेदनाला कसं जायचं हे लिहिते, कारण बारा वर्षांच्या खंडानंतर माणूस प्रार्थनेचे शब्द विसरल्याच्या लाजेनंच अर्धा परत फिरतो. रविवारी मिस्सेआधी पाच मिनिटं, मागे दहा माणसं उभी, अशा वेळी जाऊ नका. फादरांना फोन करा, "खूप वर्षांनी करतोय, अर्धा तास हवा" एवढंच सांगा. त्यांना बरंच वाटेल, हे मी खात्रीनं सांगते. बसल्यावर म्हणा, "फादर, शेवटचं पापनिवेदन बारा वर्षांपूर्वी झालं, पुढचं आठवत नाही, मदत करा." इथले बहुतेक फादर मराठी बोलणारे नाहीत; मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलेलं पापही पूर्ण माफ होतं. मराठीतच मन मोकळं होणार असेल तर गावी गेल्यावर तिथल्या फादरांकडे जायला कुणाचीच आडकाठी नाही, अधिकार असलेला कुठलाही धर्मगुरू निवडता येतो. पण 'गावी गेल्यावर' हे पुढच्या मे महिन्यापर्यंत लांबणार असेल, तर हिंदीच बरी.

"मला पुरेसा पश्चात्तापच होत नाही," असं अनेक जण मला म्हणतात. तुमच्याही मनात येईल, कारण त्या पैशानं हप्ते भरले गेलेत आणि घर छान आहे. चर्चची शिकवण इथे फार समजूतदार आहे. देवावरच्या निखळ प्रेमातून उपजलेलं दुःख सर्वांत उत्तम. पण पापाची किळस आली, शिक्षेची भीती वाटली, एवढा कच्चा पश्चात्तापही या संस्कारासाठी चालतो. रडू यायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. मात्र एक गोष्ट हवी: पुन्हा घेणार नाही असा निश्चय. पुढच्या दिवाळीचा डबा मनात राखून ठेवून केलेलं पापनिवेदन म्हणजे निव्वळ गप्पा.

फादर कुणाला सांगतील का, ही धास्ती असेल तर काढून टाका. पापनिवेदनाच्या गुप्ततेची मोहोर मोडणारा धर्मगुरू तत्काळ धर्मबहिष्कृत होतो. साहेबांनाच काय, तुमच्या बायकोलासुद्धा ते आडून सुचवू शकत नाहीत.

आता पैशाचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पत्रात तुम्ही हा भाग चटकन उरकलात. लिफाफा पुरवठादाराच्या खिशातून येत नाही, हे खरेदीतल्या माणसाला मी सांगायला नको. तो दरात चढवलेला असतो. तुमच्या कंपनीनं शंभराच्या मालाचे जास्त मोजले, त्यातलाच थोडा भाग सोनेरी कागदाखाली परत आला. म्हणजे दिला पुरवठादारानं, पण गेला कंपनीचा. कॅथलिक शिकवणीप्रमाणे पापाची क्षमा मिळाली तरी परतफेडीचं देणं संपत नाही. चोरलेलं परत करायचं असतं. पुष्कळ लोक इथे पळवाट काढतात. चर्चच्या छपराला देणगी, अनाथाश्रमात फळं, आणि झालं. जक्कयानं असं केलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, हा एक रकाना; ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट, हा दुसरा. दान आणि देणं त्यानं एकत्र मिसळलं नाही. कुणाचे पैसे घेतले हे ठाऊक नसेल किंवा पोचवणं शक्यच नसेल, तेव्हा ते गरिबांना जातात. तुम्हाला तर पत्ता रोज सकाळी गेटवर दिसतो.

याचा अर्थ नोटिशीच्या फळ्यावर नाव लावून जाहीर करा असा नाही. स्वतःची बेअब्रू करून घेण्याचं बंधन चर्च घालत नाही, गुपचूप केलेली परतफेडही परतफेडच असते. नेमका आकडा आठवत नसेल तर प्रामाणिक अंदाज धरा, आणि तो स्वतःच्या सोयीनं खाली ओढू नका. एकदम जमत नसेल तर हप्त्यानं; घराचे हप्ते भरता तसे हेही. मार्ग कोणता घ्यायचा ते पापनिवेदनातच फादरांशी बोला. कंपनीला उघडपणे सांगायचं ठरवलंत तर आधी एखाद्या वकिलाला भेटा, कारण त्याचे परिणाम घरालाही भोगावे लागतात. हे एका सदरातून ठरवण्याचं काम नाही.

'लायकीचं जगणं' हे शब्द तुम्ही लिहिलेत. पौलानं इफिसकरांना हेच लिहिलंय, तेही तुरुंगातून: तुम्हाला झालेल्या पाचारणाला शोभेल असं चाला. आणि पुढच्याच ओळीत ते कसं ते सांगितलंय: नम्रतेनं, सौम्यतेनं, एकमेकांना प्रीतीनं सहन करत. मोठे पराक्रम त्यात नाहीत. पण कधीकधी ही साधी यादीच माणसाला कुठल्या कुठे नेते, आणि त्यासाठी आपल्याला रोमला जावं लागत नाही. उदयनगर आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात आहे.

सिस्टर राणी मारिया तिथे आदिवासी आणि शेतमजुरांमध्ये काम करायच्या. लोक सावकारांच्या कर्जातून सुटू लागले, आणि ज्यांचं दुकान त्यावर चालत होतं त्यांना ते खुपलं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. वाटेत नाचनबोर टेकडीजवळ समुंदर सिंग नावाच्या माणसानं प्रवाशांदेखत त्यांच्यावर सुऱ्यानं वार केले. त्यांचं वय 41. ही बस रोजची होती, माणसं रोजची होती, आणि कुणी मधे पडलं नाही.

मला त्यांच्या मरणाइतकंच पुढचं महत्त्वाचं वाटतं. समुंदर सिंगला जन्मठेप झाली. तो तुरुंगात शिक्षा भोगत असतानाच, 2002 साली, राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल त्याला भेटायला गेली आणि तिनं त्याच्या हाताला राखी बांधली. त्याची सुटका व्हावी म्हणून राणी मारियांच्याच घरच्यांनी शब्द टाकला. 2006 साली तो बाहेर आला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा आईनं त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं, कारण त्या हातांना तिच्या मुलीचं रक्त लागलं होतं. हे ऐकल्यावर कुणी मला सांगावं, आधी सुधार, मग दारात ये! त्या घरानं दार आधी उघडलं. आणि तोही तिथून पुन्हा जुन्या माणसांत मिसळला नाही; राणी मारियांच्या समाधीवर जात राहिला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी आपल्या इंदुरातच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. ऑगस्टीन ज्या पोशाखाविषयी बोलतो तो मला त्या आईच्या अंगावर जसा दिसतो तसा दुसरीकडे क्वचितच. एखाद्या रविवारी मुलीला घेऊन उदयनगरला जाऊन या. तिला गोष्ट सांगताना राखीपासून सुरुवात करा, आठ-नऊ वर्षांच्या पोराला ते पटकन कळतं.

मुलीच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता ते पत्रात नाही. माझा अंदाज, "काम होतं" असं काहीतरी. खरं सांगा, पण तिच्या वयाला झेपेल इतकंच: "बाबांना आधी पापनिवेदनाला जायचंय, ते खूप वर्षं राहिलंय." वर्गात ती हेच शिकते आहे, तिला त्यात काही भयंकर वाटणार नाही. उलट तिचंही पहिलं पापनिवेदन प्रथम कम्युनियनच्या आधी व्हायचंच आहे, तर दोघं एकाच दिवशी जाऊ शकता. लिफाफ्याविषयी तिला सांगायची काही गरज नाही. बायकोला मात्र सांगा. घराचे हप्ते तिचेही आहेत आणि पैसे परत करायचे तर घरखर्चाचं गणित दोघांना मिळून बसवावं लागेल.

तोवर, म्हणजे पापनिवेदन होईपर्यंतच्या रविवारी, आत बसा. कम्युनियनच्या वेळी जागेवरच राहा आणि मनातल्या मनात म्हणा, प्रभो, आज मला तुला घेता येत नाही, तरी माझ्या अंतःकरणात ये. संत अल्फोन्सस लिगोरी यांनी अशी प्रार्थना लोकांना शिकवली होती. न घेता ऐकलेली मिस्सा वाया जात नाही. आणि शेजारचा बघतोय का याची चिंता करू नका, त्याला त्याच्या भानगडी पुष्कळ आहेत.

राहता राहिली ही दिवाळी. डबा यायच्या आधी बोला. डबा टेबलावर आल्यावर जीभ जड होते. प्रत्येक पुरवठादाराला नवरात्र संपलं की फोन करा. धर्मोपदेश नको, पापाचा उल्लेखही नको. खरेदीच्या भाषेत बोला: "यंदापासून माझ्याकडे डबा पाठवू नका, ते पैसे दरात कमी करून नवीन कोटेशन पाठवा." बहुतेक जण आधी हसतील, त्यांना वाटेल तुम्ही जास्त मागताय. दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हणा. मिठाईचा साधा डबा आला तर ऑफिसात सगळ्यांसमोर उघडा आणि वाटून टाका. साहेबांचा टोमणा पुन्हा येईल, तू काय वेगळा आहेस का म्हणून. तेव्हा वाद घालत बसू नका, कोटेशनमधला कमी झालेला दर त्यांच्यापुढे ठेवा.